वाणात गेलेले प्राणी

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी पुरुषाने घराबाहेर असावं हा नियम ज्याने घातला, त्याच्याकडे प्रागैतिहासिक सस्तन प्राण्यांचा संग्रह नसणार. माझ्याकडे आहे. म्हणजे होता. म्हणजे आहेच, पण तो सध्या सगळ्या बडोद्यात विखुरलेला आहे आणि त्यातल्या बहुतेकांची रोज पूजा होते.

आधी एक खुलासा करतो. ते डायनासोर नव्हेत. सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मला डायनासोरवाले काका म्हणतात, आणि दर वेळी मी जिन्यात थांबून समजावतो की डायनासोर म्हणजे सरड्यांचे भाऊबंद, अंडी घालणारे. माझे प्राणी दूध पाजणारे, अंगावर केस असलेले, आपल्यातलेच. फक्त आता नाहीत. केसाळ मॅमथ, सुळेवाला वाघ, पाठीवर ढाल घेऊन फिरणारा ग्लिप्टोडॉन. हे सगळे मी वीतभर आकारात, पक्क्या प्लास्टिकचे, हाताने रंगवलेले, जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून कुरियरने मागवले आहेत. ऐकणारा मान डोलावतो आणि जाताना म्हणतो, "चला काका, डायनासोर बरे आहेत ना?"

रिफायनरीतून निवृत्त झालेल्या आणि रोज संध्याकाळी कीर्तनाला जाणाऱ्या माणसाला हे काय सुचलं, असंही विचारतात. यात विसंगत काय आहे मला समजत नाही. देवाने एवढं मन लावून एक प्राणी घडवला, त्याला सोंड दिली, सुळे दिले, आणि मग काही कारणाने परत बोलावून घेतला. त्या कारणात आपण पडू नये. पण त्याची आठवण म्हणून कुणीतरी कपाटात जागा द्यावी की नाही? माझ्या मते हीसुद्धा एक सेवा आहे. वसुंधराच्या मते ही धूळ आहे.

सगळ्यांत लाडका मेगाथेरियम. हा हत्तीएवढा, आळशी, पाला खाणारा प्राणी. माझ्याकडचा मागच्या पायांवर उभा आहे. पुढचे दोन्ही हात वर, डोळे अर्धे मिटलेले, तोंड थोडं उघडं. का कोण जाणे, त्याचा तोंडवळा मला पहिल्यापासून ओळखीचा वाटायचा. वाटायचं, याला आपण कुठेतरी पाहिलंय.

तर, आमच्या मंडळात दर वर्षी रथसप्तमीआधीच्या रविवारी छंद-प्रदर्शन भरतं. दर वर्षी दारासमोरच्या पहिल्या टेबलावर गोविंदराव बसतात. गोविंदराव आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात आणि त्यांच्याकडे संस्थानी नाणी आहेत. नाण्यांपेक्षा ती नाणी ज्या पूर्वजांना मिळाली त्यांच्या हकिकती जास्त आहेत. मी कित्येक वर्षं अर्ज करत होतो आणि मला जिन्याखाली, चपलांच्या बाजूला जागा मिळत होती. यंदा मंडळाचे चिटणीस संपतराव स्वतः म्हणाले, "मुकुंदराव, यंदा तुम्ही पहिल्या टेबलावर. गोविंदरावांच्या शेजारी." त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही, हे मी कबूल करतो.

पण संपतराव चिटणीस आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"एक अडचण आहे. नियमावलीप्रमाणे प्रदर्शनात प्राणी आणता येत नाहीत. मागे एकांनी पोपट आणला होता. तो अध्यक्षांना काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत."

"अहो, हे खेळण्यातले आहेत."

"ते झालंच. पण मुळात प्राणीच ना?"

"मुळातले कधीच नामशेष झाले."

"मग तसा दाखला आणा. लेटरहेडवर. खाली शिक्का पाहिजे."

एका प्राणिशास्त्राच्या खात्यात गेलो. तिथल्या क्लार्कने शांतपणे सांगितलं की जे प्राणी आमच्याकडे आहेत त्यांचाच दाखला मिळतो, जे नाहीत त्यांचा कसा देणार. बोलणं तर्काला धरून होतं. शेवटी मी आमच्या बुवांकडे गेलो. आमचे बुवा कीर्तनाला उभे राहिले की खांबसुद्धा ऐकतात, पण माणूस साधा. त्यांनी कीर्तन सभेच्या कागदावर सुंदर अक्षरात लिहून दिलं: 'दाखला देण्यात येतो की, मुकुंदराव यांच्या संग्रहातील सर्व जीव इहलोकीची यात्रा संपवून गेलेले असून त्यांजकडून सभासदांस उपद्रव होण्याचा संभव नाही.' खाली वीणेचा शिक्का मारला. संपतरावांनी शिक्का उजेडात धरून पाहिला आणि कागद फाइलला लावला.

आता प्राण्यांना नेताना ओरखडे पडू नयेत म्हणून मी मंगळबाजारातून खणाचं कापड आणलं आणि कोपऱ्यावरच्या टेलरकडून प्रत्येकाला एकेक नाडीचा बटवा शिवून घेतला. जांभळा, हिरवा, लाल, कडेला जर. बटवे खोक्यात भरले आणि खोकं आतल्या खोलीत पलंगावर ठेवलं. फार देखणं काम झालं होतं. इतकं देखणं व्हायला नको होतं.

कारण त्याच पलंगावर दुसरं एक खोकं होतं. आमची मुलगी योगिनी बंगळुरूला असते. तिने आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण पाठवलं होतं. "दर वर्षी काय त्या चाळण्या आणि वाट्या लुटतेस आई, यंदा मी लाकडाचे रंगीत प्राणी पाठवते," असं तिने फोनवर सांगितलेलं मी स्वतः ऐकलं होतं. ऐकलं आणि, का लपवा, थोडं कौतुकही वाटलं, की प्राण्यांची आवड रक्तात उतरली.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषमाणूस घरात असला की बायका मोकळ्या होत नाहीत, म्हणून मी वेळेवर कीर्तनाला गेलो. वसुंधरा हॉलमध्ये. हाताला हळद, समोर अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगूळ. ती मदतीला आलेल्या शेजारच्या मितालीबेनना म्हणाली, "मिताली, आत पलंगावर खोक्यात प्राणी आहेत, ते एकेक देत जा." मितालीबेन आत गेल्या. त्यांनी जवळचं खोकं उघडलं. आत प्राणी होते. खणाच्या बटव्यांत. आणखी काय हवं?

त्याच वेळी मंदिरात पूर्वरंग रंगला होता. विषय वैराग्याचा. बुवा म्हणाले, "माझं माझं म्हणतोस, जरा घरी जाऊन बघ बरं, तुझं काय उरलंय!" सगळे हसले. सर्वांत जोरात टाळी मी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर उरलेलं खोकं उघडलं, तर आत लाकडी हत्ती, लाकडी पोपट आणि योगिनीची चिठ्ठी.

"वसुंधरा," मी म्हटलं, "माझे प्राणी कुठे आहेत?"

"लुटले," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. मग बाहेर आली. तिला सगळं आधीच कळलेलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "मितालीची चूक नाही, मीच कोणतं खोकं ते सांगितलं नाही. पण बायका इतक्या खूश झाल्या म्हणून सांगू. वासण्याला सासरी असलेल्या रसिकाचा फोन आला, काकू, असं वाण जन्मात मिळालं नव्हतं."

"मेगाथेरियम कुणाला गेला?"

"तो कोणता?"

"उभा असतो तो. हात वर केलेला."

"बटवे बंद होते हो," वसुंधरा म्हणाली आणि कुकरची शिट्टी न होताच आत गेली.

बातमी जिन्यातून खाली गेली आणि गोविंदराव वर आले. दुःखात असलेल्या माणसाला सल्ला देताना त्यांचा चेहरा उजळतो. "यात काय आहे? ग्रुपवर टाका. कृपया आमचे प्राणी परत करावेत. खाली फोन नंबर."

"गोविंदराव," मी म्हटलं, आणि माझा आवाज नकळत बुवांसारखा लागला, "सवाष्णीच्या ओटीत गेलेलं वाण. दिलेलं वाण परत मागायचं नसतं. प्रदर्शन गेलं तरी चालेल."

वसुंधरा दारात उभी होती. ते वाक्य नीट घडी घालून ठेवावं तशी ती माझ्याकडे पाहून आत गेली.

प्रदर्शन गेलं तरी चालणार नव्हतं, हे सांगायला नको. पहिलं टेबल पुन्हा मिळत नाही. दुपारभर तळमळून मी बुवांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "मागायचं नाही हे बरोबर. पण भेटायला जायला कोण अडवतंय? जा, दर्शन घेऊन या. समोरच्याला आपण होऊन सुचलं तर सुचलं."

पहिलं दर्शन शेजारीच. मितालीबेनच्या देवघरात उंटावर बसणाऱ्या दशामाच्या तसबिरीपुढे माझी मॅक्रॉकेनिया उभी होती. कपाळाला कुंकू, गळ्यात लाल धागा.

"काका, जुओ ने, दशामानी सांढणी. मातीची दर वर्षी तुटते. ही तर पक्की छे."

"मितालीबेन, ही सांडणी नाही, उंटही नाही. ही दक्षिण अमेरिकेतली. हिला बघा, छोटी सोंड आहे."

मितालीबेननी सोंडेकडे भक्तीने पाहिलं. "माताजीची आहे ना काका. साधी कशी असेल?"

मी हात जोडले आणि प्रसाद घेऊन निघालो.

प्रतापनगरला चिमणाबाई आणि धनाजीराव राहतात. धनाजीराव रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. चिमणाबाईंनी ग्लिप्टोडॉनला महादेवाच्या पिंडीसमोर बसवला होता आणि त्याच्या ढालीवर बेलाचं पान वाहिलं होतं.

"पिंडीपुढे कासव नव्हतं हो आमच्या," त्या म्हणाल्या. "ह्यांना किती वर्षं सांगतेय."

"वहिनी, हे कासव नव्हे. हा सस्तन प्राणी आहे. चांगला बैलाएवढा असायचा."

"बैलाएवढा?" चिमणाबाईंनी धनाजीरावांकडे पाहिलं. "मग नंदीचीही सोय झाली की."

धनाजीराव मला पोचवायला फाटकापर्यंत आले. "मुकुंदराव, तुम्ही न्यायला आलात ना?" ते हळूच म्हणाले. "न्या हवं तर. पण ती पहाटे उठून त्याला अंघोळ घालते. गुडघे धरल्यापासून ती पहाटे उठतच नव्हती." मी म्हटलं, छे, छे, मी सहज आलो होतो, आणि स्कूटरला किक मारली. ती लागली नाही. परत मारली.

वासण्याला रसिकाकडे तर तिच्या सासूबाईच समोर आल्या. घराणं गुजराती, खोडियारमाताजीचं. माताजीचं वाहन मगर. आणि माझा ॲम्ब्युलोसेटस, म्हणजे ज्याच्यापासून पुढे देवमासे झाले तो चार पायांचा लांबट प्राणी, माताजीच्या पायाशी चुनरीचा तुकडा पांघरून बसला होता. मी त्या बाईंना समजावू लागलो की ही मगर नव्हे, हा देवमाशांचा पूर्वज, हा आधी जमिनीवर चालायचा, मग एक दिवस पाण्यात पाय बुडवून बसला, त्याला ते पाणी सोडवेना, पिढ्यान् पिढ्या तो आत आत जात राहिला आणि शेवटी त्याने पायच टाकून दिले. सांगता सांगता मला रंग चढला. मी उभा राहिलो. रसिकाने टीव्ही बंद केला. समुद्रात शिरणाऱ्या त्या पहिल्या जीवाचं वर्णन करताना माझे दोन्ही हात वर गेले आणि सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"चालतो ना हा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चालायचा."

"बस. चालतो एटले माताजी बसू शकते."

सगळीकडे हेच. सुळेवाला वाघ एका अंबामाताजीखाली गेला होता आणि ते सुळे आवडल्यामुळे त्या घरच्यांनी माताजीचाच मुकुट मोठा केला होता. मेगाथेरियम मात्र कुणाकडेच नव्हता. ज्या ज्या घरी गेलो तिथे मी सहज म्हणून विचारलं, हात वर केलेला एखादा दिसला का. नाही. सर्वांत शेवटी जिन्यातून उतरताना गोविंदरावांचं दार उघडं दिसलं. टेबलावर प्रदर्शनाची तयारी चालली होती. नाण्यांच्या मध्ये, त्यांच्या बायकोला वाणात गेलेला, माझा मॅमथ, आणि पुढे पाटी: 'सरकारी पिलखान्यातील हत्ती. आमचे पणजोबा याच्या बंदोबस्तास होते.'

"गोविंदराव, हत्तीला एवढे केस?"

"त्या काळी बडोद्यात थंडी जास्त पडायची," गोविंदराव म्हणाले आणि नाणं पुसू लागले.

रविवारी सकाळी मी मंडळात गेलो तो फक्त पाट्या घेऊन. पांढऱ्याशुभ्र चादरीवर मी एकेक पाटी मांडली. मॅक्रॉकेनिया. ग्लिप्टोडॉन. ॲम्ब्युलोसेटस. मधोमध मेगाथेरियम. पाट्यांच्या मागे काहीही नाही. संपतरावांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली.

"प्राणी?"

"नामशेष," मी म्हटलं. "दाखला फाइलमध्ये आहे."

ते चष्मा पुसत उभे राहिले. शेजारच्या टेबलावर गोविंदराव माझ्या मॅमथला थोडं पुढे सरकवत होते. मी जिन्याखालच्या चपलांच्या जागेकडे पाहिलं आणि तिथे किती सुखात होतो ते आठवू लागलो.

इतक्यात दारातून वसुंधरा आली. तिच्यामागे चिमणाबाई, हातात ताम्हन, ताम्हनात ग्लिप्टोडॉन. मागे मितालीबेन, रसिका, रसिकाच्या सासूबाई, आणि अशा कितीतरी, नऊवारी, पाचवारी, पंजाबी ड्रेस, प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात फुलं, फुलांत माझा एकेक प्राणी. वसुंधराने सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं की मंडळात दुपारपर्यंत हळदीकुंकू आहे, आणि येताना वाण बरोबर घेऊन या, त्याचंही हळदीकुंकू व्हायचं आहे. परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. आमंत्रण होतं.

ताटं टेबलावर आली. कुणीतरी उदबत्ती लावली. संपतरावांनी सवयीने चपला काढल्या, आणि त्यांचं बघून सगळ्यांनी काढल्या. बघता बघता रांग लागली. लोक येत, हात जोडत, आणि मग विचारत, "हे कोण?" मी सांगत होतो. पहिल्यांदा पाटी वाचून सांगत होतो. मग उभा राहून सांगू लागलो. देवमाशाची कथा तर सासूबाईंनी मला मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. एक जणही डायनासोर म्हणाला नाही. गोविंदराव नाणी झाकून इकडे येऊन बसले होते. थोड्या वेळाने ते गुपचूप गेले, मॅमथ उचलून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "दुपारपर्यंतच," ते म्हणाले. "संध्याकाळी त्याला पिलखान्यात परत न्यायचाय."

मला बक्षीसही मिळालं. संग्रहाच्या विभागात नाही. संपतरावांनी नियमावली तपासून ते देवघर-सजावट या विभागात दिलं. त्या विभागात मी एकटाच होतो.

दुपारी ताटं आली तशी गेली. प्रत्येकीने आपापला देव, म्हणजे आपापला प्राणी, पदराआड घेतला. चिमणाबाई म्हणाल्या, "त्याची झोपायची वेळ झाली." मी कुणालाही थांबवलं नाही, आणि खरं सांगतो, थांबवावंसं वाटलंही नाही. टेबलावर पाट्या उरल्या. मधल्या एका पाटीमागे सकाळपासून कुणी आलं नव्हतं. लोक दिवसभर विचारत होते, इथला कुठे आहे? मी सांगत होतो, येईल. पाट्या गोळा करताना ती एक मी खिशात ठेवली.

घरी आल्यावर वसुंधरा खुर्चीत टेकली ती उठेना. सगळ्या बायकांचं तिनेच केलं होतं. मी म्हटलं, बस, आज चहा मी करतो. ती एकदम म्हणाली, "नको नको, मी करते," पण तोवर मी स्वयंपाकघरात पोचलो होतो. चहाचा डबा कुठे असतो हेही मला शोधावं लागलं. वरच्या फळीवर साखरेचा डबा, त्यामागे चहाचा, आणि चहाच्या डब्याला टेकून, मागच्या पायांवर उभा, दोन्ही हात वर केलेला, मेगाथेरियम.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. वसुंधरा येऊन ओट्याला टेकली.

"शेवटी एकच बटवा उरला," ती म्हणाली. "मितालीने माझ्या हातात दिला. उघडून बघते तर तुम्ही."

"मी?"

"कीर्तनात बसता तेव्हा आरशात बघा एकदा. हात असे वर, टाळी द्यायला. डोळे अर्धे मिटलेले. तोंड उघडं."

मी पुन्हा पाहिलं. तोंडवळा ओळखीचा का वाटायचा ते आता कळलं.

"मी सगळं बडोदं पालथं घातलं," मी म्हटलं. "तू एक शब्द बोलली नाहीस."

"तुम्ही रोज संध्याकाळी जाता. घरात कुणाशी बोलायचं? भाजी निवडताना मी याच्याशी बोलते. सगळं ऐकून घेतो. अगदी तुमच्यासारखा रंगून जातो. फक्त मध्येच घड्याळ बघून उठत नाही."

"मग आता याला माझ्या कपाटात..."

"दिलेलं वाण परत मागायचं नसतं," वसुंधरा म्हणाली. "मी दारातच उभी होते."

मी खिशातली पाटी काढून फळीवर त्याच्या पायाशी ठेवली. घड्याळात कीर्तनाची वेळ होत आली होती. आज उत्तररंगात बुवांचं माझं आवडतं आख्यान होतं. मी स्टूल ओढलं, मेगाथेरियमच्या खाली बसलो आणि म्हटलं, "सांग."

वसुंधराने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि सवयीने त्याच्याकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली.